खिंडीच्या पडद्यात पडलेला माणूस

पदराचा बोळा बादलीत बुचकळला आणि पुसायला हात पुढे नेला. समोर आमचे हे पडलेले. डोळे अर्धे उघडे, ओठाला माती, कपाळावरनं रक्त निघून कानात गेलेलं. हनुवटीवरची खोक पण तीच, लहानपणी गावाला बावीच्या कठड्यावर आपटलेले ती. बाहेर चाळीत बायका ओरडतायत, ठाकूरद्वारला गोळीबार झाला गो, पोरं पडली गो, आणि हे सकाळपासनं तिकडेच गेलेले, गिरणीतल्या माणसांबरोबर मोर्चाला, आणि अजून पत्ता नाय. बेबी खांबाला बांधलेली, ती रडतेय. आणि मी बघतेय तर माझा नवरा पडद्यावर मेलेला, आणि रंग अजून ओला.

मी पुसायला लागले.

थांबा, असं तुमाला कळायचं नाय. गणपती मंडळाचे चिटणीस बोललेले, वहिनी, अंकासाठी तुमच्या कामाचं लिहा, बोलता तसंच लिहा, पण पहिल्यापासनं लिहा. मी चौथी पण पुरी केली नाय, पहिल्यापासनं कुठनं लिहितात मला काय माहीत. पहिल्यापासनं म्हंजे मास्तरांपासनं.

मूलचंद मास्तर. लढायांचे पडदे काढणारे. लालबाग, परळ, दादर, कुठे पण गणपतीच्या मागे लढाईचा पडदा तुमी बघितला असेल तर तो बहुतेक आमच्याच शेडमधला. आमच्याच बोलते, कारण त्याचा सरस मी शिजवलाय. मास्तर सिंधी. कराचीला नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे, राजवाडा, जंगल, कुरुक्षेत्र. फाळणी झाली तसे बोटीनं मुंबईला उतरले, एकटे, काखेत ब्रशांची गुंडाळी. पहिले कॅंपात होते, मग अँटॉप हिलच्या बाजूला एका बराकीत अर्धी खोली मिळाली. तिथनं रोज चालत लालबागला यायचे, आमच्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमधे.

आपल्या लढायांतली एक पण त्यांना माहीत नव्हती. राजांचं नाव तेवढं ऐकलेलं. मग चाळीतले म्हातारे सांगायचे, एकाच लढाईच्या तीन तऱ्हा, आणि तिघे पण शपथ घेऊन. मास्तर तिघांच्या पण पुढे मान डोलवायचे. खिंडीचा पडदा काढायचा ठरला तेव्हा मात्र बोलले, जागा बघितल्याशिवाय नाय काढणार. भर पावसात एस्टीनं कोल्हापूरकडे गेले, आले ते पायाला जळवा चावलेले, ताप भरलेला, आणि तापात पण हातवारे करून सांगतायत, "बेटी, इतकी तंग! दो बैल पण बाजूबाजूनं नाय जात!" मंडळवाल्यांनी ऐकून घेतलं आणि बोलले, ते ठीक आहे मास्तर, पण घोडे किती दाखवणार? मास्तर बोलले, घोडा आत जात नाय तिथे. चिटणीस बोलले, मास्तर, घोड्याशिवाय लालबागची माणसं लढाई मानत नायत. झालं. खिंडीच्या तोंडाशी घोडा आला. लालबागच्या नाक्यावरच्या व्हिक्टोरियाचा होता तो घोडा, मास्तर तीन दिवस त्याच्या पुढ्यात बसलेले, गाडीवाला शेवटी बोलला, अहो, एवढं तर मी माझ्या बायकोकडे बघितलं नाय.

मी कामाला लागले ती कापड शिवायला. बेबी पोटात होती, ह्यांच्या गिरणीत तेव्हा काम कधी असायचं कधी नसायचं. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडायच्या, शिवण अशी पाहिजे की लांबनं दिसता कामा नये. मग कापड ताणून ठोकायचं, सरस आणि खडूची भुकटी कालवून अस्तर द्यायचं, सुकलं की नीळ लावलेल्या दोरीनं चौकटी मारायच्या. मास्तरांचं छोटं चित्र कागदावर असायचं, त्याच्यावर पण तेवढ्याच चौकटी. एकेक चौकट बघून मोठी करायची. तेवढंच. बाहेरच्याला वाटतं जादू आहे, जादू काय नाय, दोरी आहे.

रंग पुडीतले. गेरू, पिवडी, नीळ, काजळी, सफेदा. ते कोमट सरसात मळायचे. सरस उकळला की मेला, मग रंग भुकटी होऊन गळतो. नाय तापला तर गोळा होतो. आणि वास! जनावराचं हाडंकातडंच ते शिजवलेलं! पहिले दोन महिने मी रोज ओकायचे, मला वाटलं बेबीमुळे, पण बेबी झाली तरी ओकायचेच. मग सवय झाली. आता मला तो वास आला नाय तर चुकल्यासारखं वाटतं.

ह्या रंगाच्या दोन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा. एक, ओला असतो तेव्हा काळपट दिसतो, सुकला की फिक्कट होतो. मास्तर बोलायचे, "ओला रंग झूठ बोलतो." म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावायचा, निखाऱ्यावर धरून सुकवायचा, मग ठरवायचं. रक्ताचा रंग जमायला मला वर्ष गेलं. आणि दुसरी, हा रंग पाण्याला भितो. तेलाच्या रंगासारखा नाय. ओलं फडकं फिरवलं की आलाच हातात.

माणसांची तोंडं मास्तर चाळीतनंच घ्यायचे. संध्याकाळी पाळी सुटली की शेडच्या दाराशी रांग. मास्तर, मला घ्या, मला भाला द्या, मला राजांच्या जवळ उभा करा. तालमीचे वस्ताद एकदा पडदा बघून तणतणत आले, बोलले, मिशी एवढीशी काढलीत, पोरं हसतात. मास्तर परांचीवर चढले आणि दोन फटक्यांत मिशी गालफडापर्यंत नेली. वस्ताद खूश. पण शत्रू व्हायला कोण तयार नाय. मग मास्तर शत्रू पाठमोरे काढायचे. एकच तोंड समोरनं पाहिजे होतं, ते त्यांनी आमच्या चाळीच्या भाडेवसुलीवाल्याचं काढलं, कोणाला न सांगता. आमाला वाटलं आता भांडण. तर तो माणूस बायकोला, सासूला, सगळ्यांना घेऊन आला, बोट दाखवून बोलतो, "बघितलंत? सगळ्यात मोठी तलवार माझ्याकडे आहे."

आता पडलेल्यांचं सांगते. इकडे नीट वाचा.

पडदा वरनं खाली काढतात, कारण रंग ओघळतो. पहिलं आभाळ, मग डोंगर, मग उभे असलेले, सगळ्यात शेवटी खाली जमिनीवर पडलेले. आणि पडलेले काढायची वेळ आली की मास्तर खालच्या भागापुढे चादर बांधायचे आणि आत एकटे बसायचे. मला पण यायचं नाय. सरस दाराशी ठेवून जायचा. मला वाटायचं कारागिराची तऱ्हा असते एकेकाची.

आणि आमच्या इकडे एक आहे, तुमच्याकडे पण असेल. जिवंत माणसाला मेलेलं दाखवायचं नाय. नाटकात मरणारा पण पडदा पडल्यावर आधी देवाला नारळ फोडून मग घरी जातो. म्हणून चाळीतला एक पण माणूस मास्तर पडलेल्यांत घेत नसत. मग ती तोंडं कोणाची असायची, हे मी कधी विचारलंच नाय. मावळे, पागोटी, अंगरखे. वाटायचं, मनानं काढतात.

आणि आमचे हे. ह्यांना पहिल्यापासनं पडद्यात यायचं होतं. पण ह्यांना उभं राहायचं नव्हतं. ह्यांचं डोकं कसं चालतं बघा. उभे असलेले सगळे वर, गणपतीच्या मखराच्या मागे झाकले जातात. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथनं दर्शनाची रांग जाते, तिथे अगदी माणसाच्या डोळ्यासमोर कोण येतो? पडलेला. "पहिल्या रांगेतली जागा गो," असं मला एकदा बोललेले, मी बोलले, तोंडात काय किडे पडले काय तुमच्या? तेव्हा गप्प बसले. मला काय माहीत, पाळी सुटल्यावर मास्तरांच्या मागे लागलेत. रोज. विडी देतायत, चहा देतायत. मास्तर नाय बोलले, नाय बोलले, आणि शेवटी एक दिवस बोलले, ठीक आहे, पड.

तर तो दिवस. उद्या सकाळी मंडळाची पोरं पडदा न्यायला येणार, माघी गणपतीचा मांडव उभा. मास्तर पडलेले आटपून पान खायला गेलेले. आणि बाहेर ही ओरड. आमच्या बाजूच्या अनसूयाबाई धावत आल्या, "गो बाय, पोरीक घे नि दार लाव, धूर सोडतत पोलीस!" मी बेबीला उचलून शेडमधे आणलं, खांबाला बांधलं, पत्र्याच्या फटींना गोणपाट लावलं, एक गोणपाट कमी पडलं म्हणून चादर ओढली. मास्तरांची चादर. आणि मागे हे.

मला पहिलं काय वाटलं सांगू? चित्र आहे हे मला वाटलंच नाय. मला वाटलं, मास्तरांना आधीच कळलंय. मला वाटलं, आताच्या आता हे पुसलं तर अजून वेळ आहे. रंग सुकायच्या आत. हसू नका. तुमचं माणूस तिकडे असतं आणि तुमी इकडे असता तर कळलं असतं.

डोळे पुसले. कपाळ पुसलं. रक्त पदराला आलं, गेरूचंच ते, पण मी ओरडले. आणि मागनं दार वाजलं, मास्तर आत आले, डोळे धुरानं लाल. अर्धं तोंड गेलेलं, खाली मिशी आणि हनुवटी तेवढी राहिलेली, आणि मी पदर घेऊन उभी. महिनाभराचं काम, उद्या पडदा लागणार. दुसरा कोण असता तर कानाखाली दिली असती.

मास्तर जवळ आले. माझ्या हातनं पदराचा बोळा सोडवला. कोपऱ्यातनं स्वच्छ पाण्याची कळशी आणली, नवं फडकं भिजवलं, पिळलं आणि माझ्या हातात दिलं. "मैला पाणी नको, बेटी. डाग राहील. पूरा निकाल."

मग मी पूरा काढला. मास्तर कळशी धरून उभे होते.

तेव्हा मी बोलले. तोंडाला आलं ते बोलले. कशाला काढलंत, तुमाला बायकापोरं नायत म्हणून आमच्या जिवावर उठलात काय, ते सगळं. मास्तर खाली जमिनीवर बसले, पडलेल्यांच्या ओळीसमोर, आणि बोट दाखवायला लागले. "हा माझा भाऊ. हा माझा मेहुणा. हा आमच्या कंपनीचा पेटीवाला, क्या बजाता था. ही दाढी लावली ती माझ्या वडिलांना, तशी नव्हती त्यांना." मी बघत राहिले. हीच तोंडं मी किती पडद्यांवर बघितलेली. दादरच्या पडद्यात, परळच्या पडद्यात, प्रत्येक लढाईत तीच माणसं पडायची. मी सरस शिजवून द्यायचे आणि ते आत बसून त्यांना काढायचे. मास्तर बोलले, "उधर कोणी उचललं नाही त्यांना. इकडे लोक हात जोडून पुढे जातात."

गणपतीला जोडतात हात, मास्तर, असं माझ्या तोंडाशी आलेलं. त्याच्याऐवजी दुसरंच विचारलं.

"मग ह्यांना का घेतलंत त्यांच्यात?"

"रोज येऊन बोलायचा, मास्तर, मला तुमच्या माणसांत घ्या. उसको पता नहीं था क्या बोल रहा है. पण मला कोण बोललं होतं असं, दहा वर्षांत?"

दिवेलागणीला हे आले. एका पायात चप्पल, डोक्याला कोणाचं तरी उपरणं बांधलेलं, काठीचा मार, गोळी नाय. आल्या आल्या बोलले, भूक लागलीय. मी रडायच्या ऐवजी त्यांनाच मारायला लागले, अनसूयाबाईंनी मला धरलं. ह्यांच्या शेजारच्या साच्यावर काम करणारा माणूस नाय आला. तो आलाच नाय. त्याची बायको आमच्याच जिन्यावर राहते, तिच्यासमोरनं जाताना मी अजून मान वर करत नाय. आमचे हे आले. का आले, मी पुसलं म्हणून आले? असं बोलायला मला तोंड नाय. पण मनात येतं ते येतं.

आता पडद्याला भोक. म्हंजे भोक नाय, पांढरं, माणूस पूर्ण आणि तोंडाच्या जागी अस्तर. पोरं सकाळी येणार. मास्तरांनी मला बोलावलं, ह्यांचा दाढीचा आरसा आणायला लावला, बोलले, पकड. मी आरसा धरून बसले आणि तेव्हा मला कळलं ते काय करतायत.

"मास्तर, नको. जिवंत माणूस आहात तुमी."

"उधरचे सगळे जागेवर बसले, बेटी. मीच एक राहिलो."

"मी काढते तिथे दगड. झाड काढते. ढाल काढते तोंडावर, ढाल मला येते."

हसले. "पहिल्या रांगेत ढाल? तुझा नवरा रडेल."

आणि काढलं स्वतःला. पागोटं तसंच ठेवलं, मिशी पांढरी केली, डोळे मिटून घेतले. किती सुरेख काढलं सांगू, आरशात बघून मिटलेले डोळे कसे काढतात मला अजून कळलं नाय. इतकी वर्षं त्यांनी कुठल्या पडद्याच्या कोपऱ्यात नाव टाकलेलं नव्हतं. लोक विचारायचे, तर मास्तर बोलायचे, नाव काय करायचंय.

मांडवात कोणी ओळखलं नाय. रांग पुढनं जायची, पोरं बोट दाखवायची घोड्याला. आमच्या ह्यांनी ओळखलं, आणि महिनाभर माझ्याशी धड बोलले नायत. "माझ्या जागेवर मास्तर झोपलाय," बोलायचे. मला हसू यायचं.

तेव्हापासनं माझं लक्ष मास्तरांच्या खोकल्यावर. आधी पण खोकायचे, खडूची भुकटी छातीत जाते, सगळ्याच रंगाऱ्यांच्या जाते, मी पण खोकते. पण मला प्रत्येक खोकल्याला वाटायचं, तो पडदा. ते शिकवत होते मला सगळं. आता पडदे मी पण करते, डोंगर माझे, झाडं माझी, ढाली आणि दगड माझे. परळचा गेल्या वर्षीचा पडदा, वस्तादांची मिशी सोडली तर बराचसा माझा आहे. फक्त माणसाचं तोंड मला येत नाय. किती केलं तरी सगळे भावाभावांसारखे दिसतात. मास्तर बोलायचे, येईल, आधी कोणाला तरी नीट बघ.

दसऱ्यापासनं मास्तर मोठ्या दवाखान्यात आहेत. बेबी आता स्वतःहून जिना उतरते, तिला घेऊन मी दुपारी जाते, पेज नेते. बोलायला त्रास होतो. खिडकीतनं झालाच पाहिजे झालाच पाहिजे करत मोर्चा गेला की डोळे उघडतात, बेबीला विचारतात, "तेरा बाप आहे काय त्यात?" असतोच.

खिंडीचा पडदा यंदा परत लागणार. दुरुस्तीला माझ्याकडेच आलाय, माझ्या खाटेखाली गुंडाळी आहे. अनसूयाबाई रोज बोलतात, पूस गो, तू घोवाक पुसलंस, तो इलो, ह्या म्हाताऱ्याक कित्याक थंय ठेवलंस? आमचे हे पण बोलतात, पूस, आणि ह्यांना आता त्या जागेवर यायचं नाय, खरंच नाय यायचं. मी मास्तरांना विचारलं. त्यांनी माझा हात धरला, जोर नव्हता त्यात, आणि बोलले, "हाथ मत लगाना."

पाच मिनिटांचं काम आहे. स्वच्छ पाणी, नवं फडकं, आता मला येतं. पण एकदा पुसलं की ते तोंड परत काढणारा कोण नाय. मास्तरांचा फोटो नाय कुठे, कराचीला असेल तर तिकडेच राहिला. त्यांच्या माणसांत ते झोपलेत, मधेच मी त्यांना उचलू? आणि नाय उचललं, आणि दवाखान्यातनं निरोप आला, तर मग मी काय करू?

परवा पोरं गुंडाळी न्यायला येणार. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पडदा मांडवात लागलेला असेल, डाव्या कोपऱ्यात, रांगेतल्या माणसाच्या डोळ्यासमोर. तिकडे बघायच्या आधी मला एवढं सांगा. तुमी काय केलं असतं?